मधली फळी

सर गेले तेव्हा त्यांची फळी दोन्ही कडांना कोरून झाली होती आणि मधे कोरीच होती.

सर म्हणजे माझे पती. शिरूरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. निम्मं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून घरात मीही सरच म्हणत गेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी लाकूड कोरून छापे काढणाऱ्यांची एक मंडळी जमवली. दौंडला एका लाकडाच्या वखारीमागे पत्र्याची शेड आहे, तिथे ही मंडळी दर रविवारी बसते. मी शाळेच्या ग्रंथालयात होते. मला चित्रातलं काही कळत नाही. शिरूरहून एसटीने सरांबरोबर जायचं, डबा उघडून द्यायचा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पुस्तक घेऊन बसायचं, एवढाच माझा त्या शेडशी संबंध.

छाप्याचं काम सांगायला सोपं आहे. फळीवर चित्र काढायचं. जे पांढरं राहायला हवं ते पटाशीने कोरून टाकायचं. जे उरतं त्यावर रुळाने शाई फिरवायची, वर कापड पसरायचं आणि दाबायचं. वर्षभर प्रत्येक जण आपापले लहान छापे काढत असे. थंडीत मात्र सगळ्यांचं मिळून एक लांब चित्र निघायचं. प्रत्येकाला एक उभी फळी, सगळ्या फळ्या एकमेकींना लावून जमिनीवर मांडायच्या, आणि एकाच सलग कापडावर सगळ्यांचा छापा. विषय कधीच ठरवायचा नाही. विषय ठरवला की भांडणं होतात, असं सरांचं मत होतं.

नियम दोनच होते. पहिला, दुसऱ्याच्या फळीला हात लावायचा नाही. दुसरा चार बोटांचा. शेजारच्या फळीवरची जी रेघ कडेपर्यंत येते, ती आपल्या फळीवर चार बोटं पुढे न्यायची. मग तुमचं चित्र काहीही असो. ती रेघ कशी न्यायची ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण कडेवर तोडून टाकायची नाही.

ऐकायला हा खेळ वाटतो. पहिल्या वर्षी तो खेळ नव्हता. सरांच्या फळीवर चोवीस आऱ्यांचं मोठं चाक होतं. आमच्या घरात ते चाक काय आहे हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि न्हावरे गावच्या लोकांनाही सांगावं लागलं नाही. सरांच्या शेजारची फळी न्हावऱ्याच्या एका सुनेकडे होती. घरी ऊस, कांदा, गोठ्यात गाई, आणि सासरे गावातले वजनदार. ती पहाटे धारा काढून, दूध डेअरीला घालून मोटारसायकलवरून दौंडला यायची. देव आणि घोडे कोरण्यात तिचा हात कुणी धरला नसता. सासऱ्यांनी तिला बजावलं की असलं चाक आपल्या फळीवर नको. पुढच्या रविवारी ती आली आणि सरांच्या चाकाच्या आऱ्या चार बोटं पुढे नेऊन तिने त्यांचं बैलगाडीचं चाक केलं. वर लोखंडी धाव, खाली चिखल. मग फळी उचलून सरांपुढे धरली.

"चालतंय का सर? आमच्याकडं हेच चाक हाय."

सर बराच वेळ बघत राहिले. मी पुस्तकातून मान वर केली, कारण मला वाटलं होतं की ते दुखावले असतील.

"चाक पुढं गेलं ना?" ते म्हणाले. "झालं तर."

मंडळीतलं तिसरं माणूस म्हणजे मिस्त्री. रेल्वेच्या सुतारकामातून निवृत्त झालेले, दौंडचेच. त्यांच्या फळीवर जाळी असायची. अशी जाळी की बघता बघता डोळा तिच्यात फिरत राहावा. कधी पानं, कधी पक्षी. माणूस किंवा देव ते कोरत नसत. तो त्यांचा स्वतःशी आणि त्यांच्या देवाशी झालेला करार होता आणि त्यावर शेडमध्ये चर्चा नव्हती. चौथा शिक्रापूरच्या कारखान्यातला ऑपरेटर, बिहारकडचा, भाड्याच्या खोलीत राहणारा. तो हिंदी-मराठीची मिसळ बोलायचा. कारखान्यात मशिनं पाइनच्या मोठ्या खोक्यांतून येतात. ती रिकामी खोकी भंगारात निघाली की त्यातल्या फळ्या तो मंडळीसाठी आणायचा. मंडळीत आणखीही माणसं होती, येत-जात असायची, पण ज्यांच्याविना शेड उघडत नसे ती हीच.

सर पावसाळ्याच्या शेवटी गेले. आजार मोठा नव्हता, निदान आम्हाला तसं वाटलं होतं. जलदान विधी झाल्यावर काही दिवसांनी मिस्त्री आणि न्हावऱ्याची सून, जिला मी मनात नुसतं न्हावऱ्याची म्हणते, सरांची फळी घेऊन घरी आले. शेडमध्ये ठेवायला त्यांना अवघड वाटत होतं. फळी त्यांनी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवली आणि चहा घेऊन निघाले.

मग मी फळीकडे नीट पाहिलं. एका कडेला मिस्त्रींची जाळी चार बोटं आत आली होती. दुसऱ्या कडेला न्हावऱ्याचीच्या फळीवरच्या देवीचा हात चार बोटं आत आला होता, उघडा पंजा, मनगटात बांगड्या. दोन्ही सरांनी कोरलेले, इतक्या निगुतीने की त्या दोघांनी स्वतः कोरल्यासारखे. मधे काही नव्हतं. पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती. सरांची पद्धतच तशी होती, आधी शेजाऱ्यांचं, मग आपलं. मधलं शेवटी बघू, असं ते म्हणायचे.

मी सकाळी उठून फळी पुसायला लागले. ग्रंथालयातली माझी सवय होती, कुलूप काढलं की आधी ओलं फडकं घेऊन मांडण्या पुसायच्या. आता पुसण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. फडकं भिजवायचं, पिळायचं, फळीवर वरून खाली ओढायचं, गाठीभोवती बोट फिरवायचं. कडांना जपून. मग चहा. शोकाचं असं काही वेळापत्रक बसलं की माणूस त्याला धरून उभा राहतो. मी त्या फळीला धरून उभी होते.

उसाच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या तसा मिस्त्रींचा फोन आला. यंदाचं चित्र काढायचं की नाही ते ठरवायचं होतं. मी एकटी एसटीने दौंडला गेले. जाताना पुस्तक घेतलं नाही.

शेडमध्ये विषय एकच होता, सरांच्या फळीचं काय करायचं. कोरी फळी छापली तर ती सपाट काळी येणार, एवढं मलाही कळत होतं. न्हावऱ्याचीला ते पटेना. एवढा मोठा काळा पट्टा मधोमध आला तर लोक काय म्हणतील, चित्राला भोक पडल्यासारखं दिसेल, असं तिचं म्हणणं. ऑपरेटरने सुचवलं की सरांच्या वहीतलं एखादं चित्र उतरवून कुणीतरी मधला भाग पुरा करावा. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या फळीला हात लावायचा नाही, हा नियम सर असताना होता तर सर नसताना मोडायचा कसा?

शेवटी कुणीतरी म्हणालं, फळीच काढून टाकू. दोन्हीकडच्या फळ्या जवळ आणू.

त्यावर न्हावऱ्याचीने मिस्त्रींकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मला आधी कारण कळलं नाही. मग दिसलं. सरांची फळी काढली की मिस्त्रींच्या फळीला थेट न्हावऱ्याचीच्या देवीचा हात येऊन लागणार. चार बोटांचा नियम मिस्त्रींना लागू होणार, आणि मिस्त्री हात कोरत नाहीत. मी मागची सगळी वर्षं आठवली. सर दरवर्षी मधली फळी मागून घ्यायचे. मला वाटायचं, मधे बसायची हौस असेल, शिक्षकाचा स्वभाव. ते त्या दोघांच्या मधे बसत होते. इतकी वर्षं ते त्या जागी आहेत हे कुणाला दिसलंही नव्हतं, आणि त्यांनी घरी कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. निर्णय मी सांगावा असं त्यांना वाटत होतं. सरांची फळी चित्रात हवी, हे मला इतकं हवं होतं की मी तोंड उघडलं असतं तर रडले असते. म्हणून मी पुढच्या रविवारी सांगते असं म्हणाले. परतीच्या एसटीत मी दुसरंच काही मनात घोळवत होते. त्या दोघांना मधे कुणीतरी लागतं, म्हणून सरांना ठेवणार. पण सर आता मधे बसायला नाहीत, नुसती फळी आहे. फळी किती वर्षं दोघांना लांब ठेवणार?

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा मिस्त्री आधीच आले होते. त्यांच्या हातात एक अरुंद पट्टी होती, चार बोटं रुंद. ती त्यांनी न्हावऱ्याचीच्या फळीला लावली. देवीचा हात कडेपर्यंत आला आणि पट्टीवर त्याची फांदी झाली. पाच बोटांच्या पाच डहाळ्या, बांगड्यांच्या जागी खोडावरची वळी, टोकाला पानं. पानांत दडलेला एक पक्षी. सांध्यावर नखसुद्धा अडकत नव्हतं.

न्हावऱ्याची खाली बसली आणि पट्टीवरून बोट फिरवत राहिली.

"चाचा, ह्यो तर उंबर हाय."

"तुमच्या देवीला सावली पाहिजे का नको?" मिस्त्री म्हणाले. "रेघ पुढं नेली. कशी न्यायची ते माझं मी ठरवलं."

ती हसली आणि पदराने डोळे पुसले. बाकीचेही पट्टीभोवती जमले. मला मात्र आत कुठेतरी खोल लागलं. आता ते दोघं जुळत होते. सरांची गरज संपली होती. ज्या कामासाठी सर इतकी वर्षं मधे बसले ते काम झालं होतं, आणि ते झालेलं बघायला मी आले होते. मी म्हणाले, मग ठीक आहे, सरांची फळी माझ्या घरीच राहू दे.

मिस्त्रींनी पट्टी बाजूला ठेवली आणि माझ्या खुर्चीसमोर येऊन उकिडवे बसले.

"बाई, फळी काढायला म्हणून मी हे केलं नाही. आतापर्यंत सरांना आम्ही मधे ठेवलं, कारण आमचं जमत नव्हतं. ते काय बरोबर नव्हतं. आता जमतंय. आता ठेवायची तर आम्हाला पाहिजे म्हणून ठेवायची. काळी येऊ दे नाहीतर कशी बी येऊ दे."

न्हावऱ्याची लगेच म्हणाली, "काळी तर काळी. इचारलं कोणी तर सांगू, आमच्या सरांची हाय."

छाप्याच्या दिवशी मी टेम्पोने फळी घेऊन गेले. वखारीपुढच्या सिमेंटच्या अंगणात मांडामांड चालली होती. चित्र इतकं लांब की ते हाताने दाबून येत नाही. जवळच रस्त्याचं काम सुरू होतं, तिथला रोलर मिस्त्रींनी ओळखीने रविवारच्या सकाळपुरता मागून आणला होता. रोलरचा ड्रायव्हर चहा पीत आमच्याकडे संशयाने बघत होता. न्हावऱ्याचीचे सासरेही आले होते. सूनबाईची फळी त्यांच्याच पिकअपमधून आली होती. ते लांब, फाटकाशी उभे होते.

मिस्त्रींनी सरांची फळी हातात घेतली, तळवा फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला. मग फळी डोळ्यांसमोर आडवी धरून तिच्या अंगावरून पाहिलं.

"बाई, हिला पाणी लावलं का?"

मी म्हणाले, पुसत होते. रोज. ओल्या फडक्याने.

शेडमधली सगळी जवळ आली. पाइन मऊ लाकूड. पाणी लागलं की त्याचा मऊ भाग झिजत बसतो आणि कडक रेषा वर राहतात, फळीला बाकही येतो. फळी मधे किंचित फुगली होती. तिच्यावर हात फिरवला की खरखरीत लागत होतं. एकसारखा काळा रंग आता तिच्यावर बसणार नव्हता. डाग पडणार, पांढरं राहणार. ऑपरेटरने रंधा मारू का विचारलं आणि स्वतःच मान हलवली. रंधा मारला तर सरांनी कोरलेल्या कडा जाणार. शिवाय नियम होताच.

सगळ्यांनी आपापलं मन वळवून जी फळी चित्रात आणली, ती मी पुसून पुसून बिघडवली होती.

"रोलर कशाला आहे?" मिस्त्री शेवटी म्हणाले. "बाक तो काढेल. बाकीचं बघू. शाई लावा."

शाई लावायचं काम ऑपरेटरचं. बाकीच्या फळ्यांवर त्याचा रूळ सरसर फिरला. सरांच्या फळीवर तो रेंगाळला. पातळ थर, मग पुन्हा पातळ थर, श्वास रोखून. दाट लावली तर खाचा भरतील, असं तो पुटपुटत होता. कापड पसरायला माणसं कमी पडली. मांजरपाटाचं एक टोक हवेत लोंबकळत होतं. मी बघितलं तर फाटकाशी उभे असलेले सासरे कधी आले कळलं नाही, त्यांनी चपला काढल्या होत्या आणि ते टोक धरून उभे होते.

"ताणा आबा, सुरकुती नको," ऑपरेटर म्हणाला.

"शेतात ताडपत्री धरतो रे मी," आबा म्हणाले. "मला शिकवू नको."

कापडावर जाड कांबळी, त्यावर प्लायवूड. रोलर हलला. ड्रायव्हर वाकून चाकाकडे बघत होता, जणू खाली कुणी झोपलंय. सरांच्या फळीवरून चाक जाताना लाकूड करकरलं. मी डोळे मिटले नाहीत. मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं.

मग सगळ्यांनी मिळून कापड उचललं. ओलं, जड कापड हळूहळू सुटत गेलं आणि वखारीच्या भिंतीवर टांगलं गेलं.

चित्राच्या मधोमध काळा पट्टा नव्हता. तिथे रेषा होत्या. शेकडो उभ्या, लवचिक, बारीक रेषा, काळ्याच्या मधून पांढऱ्या वाहत गेलेल्या, वरून खाली, आणि मधे जिथे फळीत गाठ होती तिथे दोन्हीकडे वळून पुन्हा एकत्र आलेल्या. एका बाजूने मिस्त्रींची जाळी त्या रेषांत उतरत होती. दुसऱ्या बाजूने देवीचा हात त्यांत पंजा बुडवून होता. एवढ्या वर्षांत मी त्या भिंतीवर असं एकसंध चित्र पाहिलं नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांना चित्रातलं कळत नाही तरीही मला कळलं.

मग न्हावऱ्याची म्हणाली, नांगरट दिसतीय, पाणी द्यायच्या आधीची. मिस्त्री म्हणाले, डोळे तपासून घ्या, ही भीमा आहे, पूर ओसरतानाची. ऑपरेटरने सांगितलं, ही त्याच्या गावाकडची गंगा, तिथेही मधे असंच बेट आहे. आबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि नांगरटीला मत दिलं. रोलरचा ड्रायव्हर पुढे येऊन म्हणाला, काही का असेना, दाबलं कुणी ते विसरू नका. भांडण चांगलंच रंगलं आणि कुणालाच ते मिटवायचं नव्हतं. मला त्यात नदी दिसली नाही, शेतही दिसलं नाही. मला ती गाठ दिसली, जिच्याभोवती मी रोज बोट फिरवत होते.

ऑपरेटर माझ्याजवळ आला. त्याच्या कोपरापर्यंत शाई होती.

"मॅडम, पूरी फळी आपने काट दी. वो भी पटाशी के बिना."

तेव्हा मला कळलं आणि बाकीच्यांनाही. शाईचे हात तसेच ठेवून मिस्त्री गंभीर चेहऱ्याने माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, दुसऱ्याच्या फळीला हात लावायचा नाही हा नियम तुम्हाला माहीत नव्हता का?"

"माहीत होता," मी म्हणाले.

"मग दंड बसेल."

"बसलाच पाहिजे," न्हावऱ्याची म्हणाली. "सोडायचं न्हाई चाचा."

मी हसले. सर गेल्यापासून पहिल्यांदा, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ते कापड वाळल्यावर सरांच्या शाळेच्या सभागृहात लागलं. लोक येऊन बघून गेले. काळ्या पट्ट्याबद्दल कुणी विचारलं नाही, कारण काळा पट्टा नव्हताच. सरांचं चित्र कुठलं, असं ज्यांनी विचारलं त्यांना मी मधलं दाखवलं. कुणी कोरलं असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं.

दंड म्हणून मला एक फळी मिळाली आहे. शिक्रापूरहून आलेली, खोक्याची, तिच्यावर अजून बाणाचा निळा शिक्का आहे. येत्या थंडीच्या चित्रात मिस्त्रींची आणि न्हावऱ्याचीची अशा दोन फळ्या शेजारी शेजारी लागणार आहेत, उंबराच्या फांदीने जोडलेल्या. मला मधली जागा मिळणार नाही, ती आता कुणाचीच नाही. मी न्हावऱ्याचीच्या पलीकडे, दुसऱ्या बाजूला आहे. तिच्या घोड्याची शेपटी माझ्या कडेवर येते. पटाशी धरताना माझा अंगठा दुखतो, आणि मी इतकी हळू कोरते की ऑपरेटर मला कारखान्यात एक दिवसही ठेवणार नाही म्हणतो. माझ्या फळीवर मी स्वतः काय काढणार ते अजून ठरलेलं नाही. शेपटीचे केस मात्र चार बोटं पुढे आले आहेत.